पुलाला नापास करणारे सर

मागच्या आठवड्यात बेंगळुरूतल्या एका मोठ्या हॉटेलात माझ्या जुन्या कंपनीचा फाउंडर स्टेजवर उभा राहून 'अपयशाने मला काय शिकवलं' हे सांगत होता. माझ्या आताच्या कंपनीने तिकीट दिलं म्हणून मी गेले होते. वक्त्यांच्या यादीत तो आहे हे तिथे पोचल्यावर कळलं. काळा टीशर्ट, पांढरेशुभ्र बूट, गालाला चिकटलेला काडीएवढा माइक. बोलता बोलता तो थांबला, खाली बघितलं आणि आवाज हळवा करून म्हणाला, "आम्ही एका चुकीच्या माणसावर विसंबलो. वयाने मोठे होते, सरकारी कारखान्यातला अनुभव होता. पण नवं तंत्रज्ञान त्यांना झेपलं नाही. त्यांनी आमचा ब्रिज पास केला आणि आम्ही निर्धास्त झालो." लोकांनी सहानुभूतीने माना हलवल्या. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पास केला म्हणे!

रांगेतल्या सगळ्यांचे गुडघे ओलांडत मी बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून उभी राहिले. ज्या माणसाने आयुष्यात एकही गोष्ट सहजासहजी पास केली नाही, इडलीसुद्धा नाही, त्याच्या नावावर हा माणूस अजून आपलं पाप खपवतोय. चौकशीच्या कागदांत काय लिहिलंय ते त्याला नीट माहीत आहे. पण कागद फाइलमध्ये बंद आणि हा स्टेजवर मोकळा.

म्हणून लिहायला बसले आहे. सरांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "लिही की. नाव मात्र घालू नको. त्यांनी एकदा घातलं तेवढं पुरे झालं." तेव्हा सरांचं नाव इथे येणार नाही. फाउंडरचंही घालत नाही. त्याला कुठल्याही निमित्ताने प्रसिद्धी द्यायची माझी इच्छा नाही.

आमची कंपनी कोरमंगलामध्ये एका दुमजली बंगल्यात होती. काम काय, तर पूल बांधणं. ब्लॉकचेन म्हणजे एक जाहीर वही, जिच्यातली नोंद मागाहून कुणाला खोडता येत नाही. पण अशा वह्या अनेक आहेत, आणि एका वहीला दुसरीत काय लिहिलंय ते दिसत नाही. तुमची नाणी एका वहीत असली आणि तुम्हाला ती दुसरीकडे वापरायची असली, तर मध्ये पूल लागतो. आमचा पूल असा चालायचा: इकडची नाणी एका पेटीत कुलूपबंद करायची आणि तिकडे तेवढ्याच किमतीची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी परत आणली की पेटी उघडायची. नाणी खरंच पेटीत पडली का, चिठ्ठी खरंच परत आली का, हे सांगायला नऊ साक्षीदार. साक्षीदार म्हणजे नऊ कॉम्प्युटर, प्रत्येकाची आपली गुप्त किल्ली. नवांपैकी पाच जण 'हो' म्हणाले की पेटी उघडणार. वापरणाऱ्याला यातलं काही कळायची गरज नव्हती, एक बटण दाबलं की काम झालं. 'आजीलासुद्धा जमेल' असं आमच्या वेबसाइटवर होतं. ते वाक्य माझंच. मी तिथे लिहिण्याचं काम करायचे. वेबसाइट, माहितीपत्रकं, अहवाल. पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं.

पूल उघडण्याआधी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या, अशी गुंतवणूकदारांची अट होती. हे काम करणाऱ्या चांगल्या कंपन्यांकडे कित्येक महिन्यांची रांग. फाउंडरला घाई. मग त्याच्या कुठल्याशा काकांनी आपल्या ओळखीचं नाव सुचवलं: सरकारी कारखान्यात रेल्वेच्या सिग्नलची यंत्रं तपासण्याची नोकरी केलेले, निवृत्त, बसवनगुडीत राहणारे. घराणं मराठी, पण तीन पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या. फाउंडरला वाटलं, म्हातारा माणूस आहे, आठवडाभर येईल, चहा पिईल, सही करेल.

पहिल्या दिवशी सर दारातून आत आले ते थेट मागच्या जिन्याकडे गेले. मागच्या दाराला साखळी आणि कुलूप होतं. "ह्याची किल्ली कुणाकडे?" कुणालाच माहीत नव्हतं. "आग लागली तर?" सगळे हसले. सर हसले नाहीत. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून ते बाहेर व्हरांड्यात जाऊन पायरीवर बसले. "कुलूप निघालं की आत येतो." दोन दिवस त्यांनी पायरीवर बसूनच काम केलं. मांडीवर कागद, शेजारी स्टीलचा पेला, उन्हाची तिरीप सरकली की तेही सरकायचे. तिसऱ्या दिवशी कुलूपवाला आला. फाउंडरने त्या दोन दिवसांत त्यांचा फोटो काढून सगळ्या जगाला दाखवला होता, 'आमचे व्हिंटेज सर' अशी ओळ खाली टाकून. ती ओळही मलाच लिहायला लावली होती. तेव्हा मला गंमत वाटली होती. आज त्या गमतीची लाज वाटते.

सरांची पिशवी कापडी, खांद्याला लावायची. तिच्यात स्वतःचा पेला, स्वतःची ताटली, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि गेल्या कित्येक वर्षांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं, पाठकोरी. सगळं लिखाण त्या पाठकोऱ्या पानांवर. आमचा सगळा कोड त्यांनी स्वतःच्या घराजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून, स्पायरल बांधून घेतला होता आणि पेन्सिलीने ओळ न् ओळ वाचत होते. ऑफिसातल्या मुलांना हे विनोदी वाटायचं. ज्या ओळी त्यांनी स्वतःही पुन्हा वाचल्या नव्हत्या, त्या हा माणूस छापून वाचत होता, यात विनोदी कोण होतं ते आता कळतं.

आमच्याकडे बसायला रंगीत बीनबॅग होत्या. सर त्यांना हात लावायचे नाहीत. "ह्यातून उठायला दुसऱ्याचा हात लागतो," ते म्हणायचे, "म्हणून ह्यात बसलेला माणूस कशालाही 'हो' म्हणतो." मीटिंगला ते उभे राहायचे. ऑफिसात 'ट्रस्टलेस' हा शब्द फार चालायचा. आमच्या व्यवस्थेत कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही, असा त्याचा अर्थ. एकदा फाउंडर त्यांना काहीतरी समजावत होता आणि शेवटी म्हणाला, "ट्रस्ट मी, सर." सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "एनप्पा, अरे बाबा, सकाळपासून सांगतोस विश्वासाची गरज नाही, आणि आता म्हणतोस माझ्यावर विश्वास ठेवा. दोन्हींतलं एक काहीतरी सांग." फाउंडरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

अकराच्या सुमाराला आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दर्शिनीत जायचो. उभ्याने खायचं. इडली आली की सर आधी बोटाने हलकेच दाबायचे, मग तिच्याकडे बाजूने बघायचे. "अण्णा, ही गार आहे, बिसी कोडी." गरम आली तरी लगेच पास नाही, चटणीचा वास घेऊन झाल्यावर मग पहिला घास. मला त्यांच्या घरचं मराठी ऐकायला आवडायचं. "स्वल्प थांब गं", "सरी, मग पुढं?" असं कानडी मध्येच येऊन बसलेलं. त्यांना माझं मराठी इंग्रजीने भरलेलं वाटायचं, आणि ते खरंच होतं.

एकदा तिथेच त्यांनी कारखान्यातली हकिगत सांगितली. सिग्नलच्या यंत्रांची मोठी खेप जायची होती, कुणी मोठी व्यक्ती झेंडा दाखवायला येणार होती, मंडप पडला होता. सरांनी खेप नापास केली. एका यंत्राचा एक कॉन्टॅक्ट, म्हणजे विजेची जोडणी, कधीमधी चिकटत होता.

"शंभरदा चालवलं की एकदा चिकटायचा," सर म्हणाले. "साहेब म्हणाले, नव्याण्णवदा चालतंय ना? मी म्हटलं, शंभराव्या गाडीत कोण बसणार ते तुम्ही सांगा, त्याचं नाव लिहून घेतो."

"मग?"

"मग काय. माझी बदली भांडारात. तीन वर्षं स्क्रू मोजले." ते मनापासून हसले. "छान मोजले."

ही हकिगत मी ऐकली होती, हसले होते, ऑफिसात परत जाऊन दोघांना सांगितलीही होती. तरीही पुढे जे केलं ते केलंच.

चौथ्या आठवड्यात सर कॅलेंडरचं एक पान घेऊन टेबलाटेबलाशी फिरायला लागले. पानावर नऊ आडव्या ओळी. "पहिला साक्षीदार कुठं असतो? त्याची किल्ली कुणाकडे?" साक्षीदारांना आमच्याकडे मोठी झोकदार नावं होती, गरुड, नंदी, ऐरावत अशी. जणू नऊ वेगवेगळ्या संस्था नऊ वेगवेगळ्या गावांत बसल्या आहेत. दुपारपर्यंत सरांचं पान भरलं. तीन किल्ल्या खरोखरच बाहेरच्या लोकांकडे होत्या. उरलेल्या सहा फाउंडरच्या लॅपटॉपमध्ये, एका फोल्डरात.

"तात्पुरतं आहे, सर," फाउंडर म्हणाला. "सोयीसाठी. लाँच झाल्यावर वाटून टाकू."

"नऊ पंच म्हणता आणि त्यातले सहा एकाच ताटात जेवतात?"

"प्रॅक्टिकली काही होत नाही, सर. लॅपटॉपला पासवर्ड आहे."

सरांनी पान घडी करून पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर फाउंडर नेहमीप्रमाणे खाली टेबल टेनिस खेळायला गेला. लॅपटॉप नेहमीप्रमाणे उघडा. तो खेळायला लागल्यावर सर त्याच्या खुर्चीवर बसले. मला जवळ बोलावलं, "इथं उभी राहा, बघ, मी फक्त चाचणीच्या जाळ्यात हात घालतोय, खऱ्याला शिवत नाही." चाचणीसाठी खोट्या नाण्यांनी भरलेली एक पेटी आमच्याकडे होती. खालून चेंडूचा टकटक आवाज येत होता. सरांची बोटं हळू, एकेक अक्षर शोधत चालत होती. गेम संपायच्या आत ती पेटी रिकामी झाली होती आणि सगळी नाणी सरांच्या नावावर होती.

फाउंडर घाम पुसत वर आला तेव्हा सर उठून उभे राहिले. "नापास," ते म्हणाले. एवढा एकच शब्द, आवाज न चढवता.

फाउंडरला राग आला तो पेटी रिकामी झाली म्हणून नव्हे, चारचौघांसमोर झाली म्हणून. "चोर काय माझ्या खुर्चीवर येऊन बसणार आहे का?" तो म्हणाला. सर म्हणाले, "खुर्चीवर कशाला बसेल? तुलाच उठवेल."

सरांनी अहवाल कॅलेंडरच्या पानांवर लिहिला, मी तो टाइप केला. पाच पानं. तिसऱ्या पानावर मधोमध एक वाक्य एकटंच, वर-खाली जागा सोडून: 'सहा किल्ल्या एकाच हातात आहेत तोवर हा पूल लोकांसाठी उघडू नये.' सरांनी छापील प्रत तीनदा वाचली, पाचव्या पानावर तळाशी सही केली आणि पिशवी खांद्याला लावून बसने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फाउंडरने मला काचेच्या खोलीत बोलावलं. रागावला नव्हता. तो रागावत नसे, समजावत असे. "तिसरं पान जरा सॉफ्ट करू या. अर्थ तोच ठेव. टोन बदल. तुझ्याइतकं छान कुणाला जमतंय?" मी टोन बदलला. वाक्य काढलं आणि तिथे लिहिलं, 'किल्ली-व्यवस्थापनाच्या सातत्यपूर्ण बळकटीकरणाची शिफारस करण्यात येते.' तिसरं पान नवं छापलं, जुन्या चार पानांत घातलं, पाचव्या पानावर सरांची सही होतीच. सगळं स्कॅन करून वेबसाइटवर चढवलं, वर सरांचा फोटो आणि नाव. पुढच्या महिन्यात माझा पगार वाढला. कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की दोन्हींचा संबंध नाही.

पूल उघडण्याच्या दोन दिवस आधी सरांचा फोन आला. त्यांना मोबाइलवर बोलणं आवडत नसे, घरच्या फोनवरून केला होता.

"किल्ल्या वेगळ्या केल्या का गं?"

"हो सर," मी म्हणाले. "काम चाललंय."

"सरी," ते म्हणाले आणि ठेवला.

पूल उघडला. केक कापला. लोक खरंच आले, बटण दाबून इकडची नाणी तिकडे नेऊ लागले, आमची पेटी भरत गेली. मग एका मंगळवारी दुपारी जेवणाच्या वेळेला फाउंडरला कुठल्याशा मोठ्या परिषदेत भाषण करायचं निमंत्रण आलं. त्याने हरखून सोबतची फाइल उघडली. निमंत्रण खोटं होतं. फाइलीतून जे आत शिरलं त्याने फोल्डर शोधला, सहा किल्ल्या उचलल्या, त्यातल्या पाचांनी 'हो' म्हटलं. आम्ही डबे धुवून जागेवर आलो तेव्हा पेटी रिकामी होती. तिकडच्या सगळ्या चिठ्ठ्या त्या क्षणापासून नुसते आकडे होते.

संध्याकाळच्या आत कंपनीचं निवेदन निघालं. त्यात फाउंडरच्या लॅपटॉपबद्दल एक अक्षर नव्हतं. 'स्वतंत्र ज्येष्ठ तज्ज्ञाच्या अनुकूल अहवालावर आम्ही विसंबून होतो,' एवढं मात्र होतं, अहवालाच्या दुव्यासकट. हे निवेदन मी लिहिलं नाही. कुणीही लिहिलं असो, मला ते पाठ आहे. एका वाक्यात त्यांनी लोकांचे पैसेही बुडवले आणि त्यांच्या शिव्या कुणाला द्यायच्या तो पत्ताही पुरवला.

सरांना सायबर पोलिसांनी चौकशीला बोलावलं. एकदा नाही, तीनदा. ते बसने गेले, स्पायरल बांधलेला कोड आणि कॅलेंडरची पानं घेऊन. पानांवर ते वाक्य होतं. पण तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, की ही पानं तुम्ही नंतरही लिहिली असतील. सही केलेला अहवाल तर वेगळंच सांगतोय.

हे मला ऑफिसात कळलं. मी तीन आठवडे गप्प बसले. माझ्याकडे मूळ फाइल होती, तारखेसकट. फाउंडरचा 'तिसऱ्या पानाचं विसरू नकोस' हा मेसेजही होता.

एका रविवारी सकाळी मी बसवनगुडीला गेले. सांगायलाच गेले होते असं मी स्वतःला बजावलं होतं. सरांनी दार उघडलं, मला बघून त्यांना आनंद झाला, स्वतः कॉफी केली. मी पेला हातात घेऊन वाक्य जुळवत होते तेवढ्यात पुन्हा दार वाजलं.

दारात साठीचे एक गृहस्थ होते, ताठ उभे, केस बारीक कापलेले. येलहंक्याहून आले होते. हवाई दलात तंत्रज्ञ होते, आता निवृत्त. घरावर मजला चढवायला ठेवलेल्या पैशांची त्यांनी नाणी घेतली होती, आणि जास्त परतावा मिळतो म्हणून आमच्या पुलावरून ती दुसरीकडे नेली होती. त्यांच्या हातात आमच्या अहवालाचा प्रिंट होता.

"मैंने आपका नाम देखकर डाला, सर," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकवत नव्हतं. "मुलगा नको म्हणत होता. मी त्याला सांगितलं, सरकारी कारखान्यातला टेस्टिंगचा माणूस आहे, ही माणसं उगाच सही करत नाहीत."

सरांनी त्यांना बसवलं. "मी उघडू नका असं लिहिलं होतं."

"मग कागदावर का नाही?"

सरांनी प्रिंट हातात घेतला. छापून आलेला अहवाल त्यांनी तोवर वाचलाच नव्हता. पोलिसांनीही अहवाल वाचायला न देता फक्त पाचव्या पानावरची सही दाखवून तुमचीच का म्हणून विचारलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. आम्ही दोघं बसून होतो. तिसऱ्या पानावर ते थांबले. बोट ओळीवर ठेवून पुन्हा वाचलं.

"सातत्यपूर्ण बळकटीकरण," ते म्हणाले. "असला शब्द मी जन्मात वापरला नाही." मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "पाचव्या पानावरची सही माझी आहे. तिसरं पान माझं नाही. कुणाचं आहे मला माहीत नाही."

जिचं होतं ती त्यांच्या समोर बसून त्यांनी केलेली कॉफी पीत होती.

ते गृहस्थ तासभर बसले. सरांनी त्यांना कुठे तक्रार द्यायची, कोणते कागद जोडायचे ते कॅलेंडरच्या पानावर लिहून दिलं. जाताना त्यांनी सरांचा हात हातात घेतला, पण विश्वास बसला होता की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. मीही त्यांच्या मागोमाग निघाले. "काही बोलायचं होतं का गं?" सरांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

कोरमंगलापर्यंत ऑटोत मी रडत होते, आणि मला माझ्या रडण्याचाही संताप येत होता. फाउंडरचा संताप तर होताच, आजही आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही. पण पान त्याने छापलं नव्हतं. त्याला ते लिहितासुद्धा आलं नसतं.

बुधवारी मी राजीनामा दिला आणि मूळ फाइल, मेसेज, सगळं घेऊन पुन्हा सरांकडे गेले. या वेळी दारातच सांगून टाकलं. ऐकताना सर दाराची कडी धरून उभे होते. त्यांच्या तोंडावर राग आला, मी तो पहिल्यांदाच बघत होते, आणि मला बरं वाटलं. त्यांनी लगेच माफ केलं असतं तर मला तिथे उभं राहवलं नसतं.

"तो माणूस समोर बसला होता," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा का नाही?"

मी निवेदनाचे कागद पुढे केले.

"आत ये. काय लिहून आणलंयस ते वाच."

पोलिसांना द्यायचं निवेदन मी इंग्रजीत लिहून नेलं होतं. त्याचं मराठी करत वाचायला लागले. तिसऱ्या-चौथ्या ओळीत होतं, 'त्यानंतर सदर वाक्य वगळण्यात आलं.'

"थांब. वगळण्यात आलं म्हणजे?"

"म्हणजे काढलं गेलं, सर."

"आपोआप गेलं? वाऱ्याने?" त्यांनी पेन्सिल पुढे केली. "ह्या वाक्यात माणूस नाहीये. माणूस घाल."

मी ते खोडलं आणि लिहिलं, 'ते वाक्य मी काढलं.'

"आणि फोनवर मला 'हो' म्हणालीस ते?"

तेही लिहिलं. फाउंडरने काय सांगितलं ते लिहिलं, त्याचा मेसेज जोडला. सरांनी मध्ये एकदा अडवलं, कारण फाउंडरबद्दल मी 'नीच' असा शब्द वापरला होता. "हे मत झालं. मत नको. त्याने काय केलं ते लिही, वाचणाऱ्याला शब्द आपोआप सुचेल." म्हणून तिथे काढला. इथे मात्र हा लेख माझा आहे. नीच.

पुढे काय झालं तेही सांगून टाकते. सरांचं नाव चौकशीतून वगळलं गेलं. कंपनीने वेबसाइटवर एक ओळीची दुरुस्ती टाकली, महिन्याभराने वेबसाइटच बंद केली. लोकांची नाणी परत आली नाहीत. येलहंक्याच्या घरावर मजला चढला नाही. त्या गृहस्थांना मी जाऊन भेटले, त्यांनी मला पाणी दिलं. खटला रेंगाळतोय. फाउंडरची नवी कंपनी आहे, आणि ती काय करते? वेगवेगळ्या ब्लॉकचेन जोडते. एका बटणात. सर अजून बसवनगुडीत आहेत, आणि महिन्यातून एकदा मला दर्शिनीत बोलावतात. माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही, त्यांनी सांगितलेलं नाही.

त्या बुधवारी दुपारी आम्ही दोघं बसने सायबर पोलिसांच्या ठाण्यात गेलो. सरांनी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घातला होता. अधिकारी बाई पन्नाशीच्या, दमलेल्या. त्यांनी माझं निवेदन वाचलं, मग मूळ फाइलीची तारीख पाहिली, मग निवेदन पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"ह्यातली 'मी' कोण?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं असावं, मी कुणाच्या तरी वतीने कागद घेऊन आलेय.

"मीच," मी म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नोकरीचं काय होईल, पुढे साक्षीला यावं लागेल, वकिलाशी बोललात का, असं सगळं विचारलं. मग कागद फिरवून माझ्यापुढे सरकवले आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "इथे सही करा."

शेजारच्या खुर्चीतून सर थोडे पुढे वाकले.

"प्रत्येक पानावर कर गं," ते म्हणाले.

मी पहिलं पान समोर ओढलं.